किल्ल्यावरचे खलाशी

दिवाळी जवळ आली की रत्नागिरीच्या बाजारात रंगीत मावळे दिसू लागतात. भालदार, तोफवाले, घोडेस्वार आणि सिंहासनावर बसलेले महाराज. लहानपणी आमच्या मोहल्ल्यातली मुलंही शेजारच्या अंगणातल्या किल्ल्यासाठी माती वाहायची. सण सरला की किल्ला मोडतो आणि मावळे कुठंतरी कोपऱ्यात पडतात. ते जमवावेत, स्वतः रंगवावेत, हे फार थोड्या घरांत सुचतं.

युरोपात हा मोठ्या माणसांचाही छंद आहे. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात अठराव्या शतकापासून कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. पुढं त्यांची उंची साधारण 30 मिलिमीटर ठरून गेली. जाडी जवळजवळ नाहीच, म्हणून अंगाची गोलाई रंगानंच दाखवायची; एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली. आपल्या साच्यातल्या मावळ्यांचा ठसाही उथळच असतो. त्यांनाही हीच युक्ती लागू पडते.

नवशिक्यानं एकदम टोपलीभर मावळे घेऊ नयेत. पाच-सहाच घ्यावेत, पण विषय ठरवून. आपल्या जिल्ह्यातला हर्णैचा सुवर्णदुर्ग 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तो अंगणात उभारायचा तर नुसते भालदार कसे पुरतील? तिथं तांडेल हवा, खलाशी हवेत. 1679 साली खांदेरीच्या बेटासाठी शिवरायांचं आरमार इंग्रजांशी झुंजलं, तेव्हा मायनाक भंडारी आणि दौलतखान त्या आरमाराचे सरदार होते. बाजारातल्या टोपलीत हे दोघे सहसा सापडत नाहीत. भाल्याच्या जागी काडीचं वल्हं लावा, शाडूची गोळी थापून पागोटं बदला, आणि त्यांना आपल्या हातानं घडवा.

आता रंगकाम. बाहुली बाटलीच्या बुचावर चिकटवा, म्हणजे तिला बोटं लागत नाहीत. कच्च्या शाडूला पाणी सोसत नाही, म्हणून आधी पांढऱ्या ॲक्रेलिकचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. कोकणच्या दमट हवेत इथं घाई चालत नाही. मग अंगाचा रंग, त्यानंतर कपडे, शेवटी शस्त्रं आणि डोळे. बाजारी मावळ्यांचे चेहरे एकजात गुलाबी असतात. आपण यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि पांढरा मिसळून पाहावा, प्रत्येकासाठी थोडा निराळा. मिरकरवाड्याच्या बंदरावर उन्हात राबणारे चेहरे एकदा निरखून यावेत. सावलीसाठी काळा वापरू नका, मूळ रंगातच थोडा तपकिरी घाला. डोळा म्हणजे वरच्या पापणीची एक बारीक रेघ आणि खाली एक ठिपका, एवढंच पुरे. ब्रश शून्य नंबरचा असला तरी त्याचं टोक शाबूत हवं.

जुनी बाहुली हाती आली तर ती पुन्हा रंगवू नका. तिचा मूळ रंग हेच तिचं मोल. जुन्या धातूच्या शिपायांत आणि रंगांत शिसं असू शकतं. ते खरवडू नका, हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांपासून दूर ठेवा.

सण झाल्यावर प्रत्येक बाहुली कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. त्याआधी तळाशी रंगवल्याचं वर्ष लिहा आणि तो कोण, तेही लिहा. नाव लिहिलेला माणूस सहसा कोणी फेकून देत नाही.