हॉटेलातील बिनतारी सेवा

पूर्वी वाटसरू धर्मशाळेत उतरला म्हणजे प्रथम पाण्याची चौकशी करीत असे. आज चाकण अथवा चिंचवड येथील हॉटेलात उतरणारा पाहुणा खोलीची किल्ली हाती पडताच वाय-फायचा परवलीचा शब्द विचारतो. ही सेवा चालते कशी व तिचा उपयोग करताना कोणते अवधान राखावे, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

बिनतारी विद्या आपल्या परिसरास नवीन नाही. १९२७ साली मुंबई व इंग्लंड यांच्यामधील बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे संदेश पाठविण्याचे केंद्र शेजारच्या खडकीस व घेण्याचे दौंडला होते. त्या लहरी समुद्र ओलांडून जात. वाय-फायच्या लहरींची धाव मात्र चार-दोन खोल्यांपुरतीच असते. त्यांचे दोन प्रकार विशेष प्रचारात आहेत : एकीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सुमारे सहा. पहिली भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. दुसरी अधिक मजकूर वाहून नेते, परंतु भिंत आड येताच लवकर क्षीण होते. काँक्रीट व लोखंड तर दोहींसही अडवितात.

म्हणून हॉटेलात एकच यंत्र ठेवून भागत नाही. काचतंतूंची तार इमारतीत येते, तिच्या शाखा प्रत्येक मजल्यावर जातात आणि ठिकठिकाणी छताला लहान प्रक्षेपक बसवितात. सेवेला बिनतारी म्हणावयाचे, पण बिनतारी असतात ती शेवटची काही पावलेच!

आता वेगाविषयी. वर्गात सर्व मुले एकदम बोलू लागली तर कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून आपण पाळीपाळीने बोलतो. एका प्रक्षेपकाशी जोडलेले मोबाईलही असेच पाळीपाळीने बोलतात. बोलणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्यास वेळ कमी येतो. आपल्या भागात ही गर्दी रात्री होणे साहजिक आहे. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांच्या कामासाठी परदेशी अभियंते येत असतात. येथे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा जर्मनीत दुपारचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात व तेथील कचेऱ्या चालू असतात. त्याच सुमारास इतर पाहुणे चित्रपट पाहावयास बसतात. पडद्यावर खूण पूर्ण दिसूनही बोलणे अडखळते, त्याचे कारण बहुधा हेच.

ही सेवा कोणाही आगंतुकास खुली ठेवून चालत नाही. सामान्यतः पाहुण्याच्या मोबाईलवर काही आकडे पाठवून त्याची ओळख पटवितात. परदेशी पाहुण्याजवळ येथील क्रमांक नसेल तर खोलीचा क्रमांक व आडनाव यांवरून प्रवेश देता येतो. तसेच पाहुण्यांचे जाळे आणि हॉटेलचे हिशेब, कॅमेरे व कुलपे ज्यावर चालतात ते जाळे ही दोन्ही वेगळी राखणे हे दक्ष चालकाचे लक्षण होय.

मोबाईलचा उपयोग येथेच संपत नाही. काही मोठ्या हॉटेलांत तोच खोलीची किल्ली होतो. आणि २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून महामार्गावरील साध्या खानावळीतही चौकटींचे चित्र टिपून पैसे देता येतात.

तथापि सोयीबरोबर धोकाही येतो. एखादा लबाड मनुष्य हॉटेलच्याच नावाचे खोटे जाळे जवळपास उभारू शकतो. यास्तव जाळ्याचे खरे नाव गल्ल्यापाशी विचारून घ्यावे व परक्या जाळ्यावरून बँकेचे व्यवहार शक्यतो टाळावेत. मोबाईलवर आलेले गुप्त आकडे कोणी फोनवरून मागितल्यास सांगू नयेत. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ती देण्यासाठीच लागते, हे तर घरातील वडीलधाऱ्यांस मुलांनी आवर्जून सांगावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांचे आईवडील याच पट्ट्यातील हॉटेलांत व कारखान्यांत राबतात. उद्या तुम्हीही तेथे काम कराल. जे यंत्र रोज हाती धरावयाचे, त्याच्या अंतरंगाची थोडी ओळख आजच करून घ्या. म्हणजे तुमची व तुमच्या पाहुण्याचीही फसगत होणार नाही.