घरात दुसरी मनी येते तेव्हा

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एखाद्या मोटारीच्या चाकाआड भिजलेले पिल्लू हमखास सापडते. मुले ते उचलून वर आणतात. घरात आधीच पाच-सहा वर्षांची मनी असते. ‘तिला सोबत होईल’ असे म्हणून पिल्लू थेट तिच्यासमोर ठेवले जाते. पुढचे सगळे अर्ध्या मिनिटात घडते. मनीची शेपटी दुप्पट फुगते, ती फिस्कारते, झेप घेते आणि पिल्लाला वाचवायला मध्ये घातलेल्या हाताचा चावा घेते. रुग्णालयात रेबीजच्या लसीसाठी लागणाऱ्या रांगेत कुत्रा चावलेल्यांच्या जोडीला असेही हात असतात. ‘घरचीच मांजर आहे हो, कधी चावत नाही’, हे वाक्य तिथे नेहमीचे.

ते खोटेही नसते. मनीचा राग मालकिणीवर नसतोच. समोरच्या अनोळखी जिवामुळे ती इतकी बिथरलेली असते की जवळ जे हलेल त्याच्यावर ती तुटून पडते. वड्याचे तेल वांग्यावर म्हणतात, त्यातला हा प्रकार. ही बिथरलेली अवस्था काही मिनिटांत जात नाही; कित्येकदा तासन्‌तास टिकते. म्हणून भांडण मिटल्यावर लगेच तिला कुरवाळायला जाणारेही ओरबाडले जातात.

माणूस आणि मांजर यांची सोबत फार जुनी आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. पण ही सोबत माणसाशी आहे. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. तो एकट्याने हिंडणारा, एकट्याने शिकार करणारा आणि आपला इलाखा राखणारा. मासळी बाजारात मांजरांचे टोळके एकत्र दिसते ते तिथे खाणे भरपूर असते म्हणून, आणि त्यातल्या बऱ्याच माद्या एकमेकींच्या नात्यातल्या असतात म्हणून. कुत्रे माणसाला धरून राहते आणि मांजर घराला, असे जुनी माणसे म्हणत, ते बरेचसे बरोबर आहे. मनीच्या दृष्टीने पिल्लू सोबतीला आलेले नसते. तिच्या घरात कुणीतरी परके घुसलेले असते.

आणि हे परकेपण ती डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखते. मांजर दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्याला, आपल्या पायाला गाल घासते, तेव्हा गालावरच्या ग्रंथींतला वास तिथे लावत असते. घरातल्या सगळ्या वस्तूंना आणि माणसांना मिळून असा एक ओळखीचा वास असतो. तो नसलेला प्राणी परका. म्हणून ओळख करून द्यायची ती आधी वासाची, दर्शन नंतर. आपण नेमके उलटे करतो.

पहिली पायरी मात्र प्राण्यांच्या डॉक्टरांची. रस्त्यावरच्या पिल्लाबरोबर जंत, पिसवा, कानातले किडे येतात आणि कधी पॅनल्युकोपेनियासारखा जीवघेणा विषाणूही. हा विषाणू फरशीवर, कापडावर महिनोन्‌महिने टिकतो. मनीच्या लसी राहिल्या असतील तर त्या आधी घ्याव्यात. तोवर पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवावे. खाणे, पाणी, लिटरचा ट्रे, झोपायला खोके, सगळे तिथेच. वन-बीएचकेत वेगळी खोली आणायची कुठून, हा प्रश्न खरा आहे. बेडरूम काही आठवडे बंद ठेवता येते. तेही नसेल तर जाळी लावलेली गॅलरी किंवा कोरडे ठेवलेले न्हाणीघर चालते. फक्त मनीची रोजची झोपायची जागा तिच्याकडून काढून घेऊ नये.

मग एक जुना रुमाल पिल्लाच्या गालांवरून फिरवून मनीच्या वाटीजवळ ठेवायचा आणि मनीचा वास लागलेला पिल्लाकडे. पहिल्या दिवशी मनी रुमालावर फिस्कारेल, फिस्कारू द्यावे. वास घेऊन ती निवांत जेवू लागली की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या वाट्या ठेवायच्या. जेवण अर्धवट टाकून ती निघून गेली तर वाटी चार फूट मागे. पुढे खोल्यांची अदलाबदल: पिल्लू बाहेर, मनी त्याच्या खोलीत, तासाभरासाठी. दर्शन यानंतर. आपल्याकडच्या सेफ्टी डोअरसारखे जाळीचे दार असेल तर उत्तम. त्यावर जुनी चादर टांगून ती रोज थोडी थोडी वर सरकवता येते. प्रत्यक्ष भेट सुरुवातीला पाच-दहा मिनिटांची, दोघांची पोटे थोडी रिकामी असताना, खाऊ हातात ठेवून.

किती दिवस लागतात? पिल्लू असेल तर काही आठवडे, दोन्ही मोठी असतील तर काही महिनेही. नसबंदी न झालेला बोका असेल तर ती शस्त्रक्रिया आधी. पाणी उडवणे, चप्पल दाखवणे, ओरडणे यांचा उपयोग उलटा होतो. मांजर शिक्षेचा संबंध स्वतःच्या वागण्याशी जोडत नाही, नव्या पाहुण्याशी जोडते.

फिस्कारण्याला लोक फार घाबरतात, पण ते बोलणे आहे. ‘लांब राहा’ एवढाच त्याचा अर्थ. काळजी करायची ती आवाज नसलेल्या भांडणाची. एक मांजर ट्रेच्या वाटेवर नुसते टक लावून बसते आणि दुसरे तिकडे जाणेच बंद करते. मग गादीवर लघवी, कपाटावर दडून बसणे, पोटावरचे केस चाटून काढणे सुरू होते. लोकांना ती खोड वाटते. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला खरोखर सूज येते. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो आणि लघवीचा थेंब पडत नाही, तर ती तातडीची वेळ आहे. रात्र काढू नये. मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तरी डॉक्टरांकडे न्यावे, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते. दोन मांजरांना तीन ट्रे, तेही वेगवेगळ्या जागी, हा नियम चैनीचा वाटतो, पण त्यामुळे कुणाचीच वाट अडत नाही.

भांडण जुंपलेच तर हात घालायचा नाही. उशी, पुठ्ठा, पाट, जे मिळेल ते मध्ये सरकवावे किंवा जाड चादर टाकावी आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत निवू द्यावे.

आणि चावा बसलाच तर? मांजराचे सुळे सुईसारखे असतात. वर दिसते टाचणीएवढे भोक, पण तोंडातले जंतू खोल, थेट सांध्यापर्यंत किंवा स्नायूच्या दोरीपर्यंत पोचतात. मांजराच्या चाव्यांपैकी ३० ते ५० टक्के चावे चिघळतात, असे वैद्यकीय पुस्तके सांगतात. बोट चोवीस तासांच्या आत लाल, टणक होते आणि वाकवले की कळ येते. मधुमेह असलेल्यांनी तर तेवढीही वाट पाहू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावू नये. मग त्याच दिवशी रुग्णालय गाठावे: धनुर्वाताचे इंजेक्शन, गरज असेल तर प्रतिजैविके आणि रेबीजची लस. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. चाव्यातून किंवा ओरखड्यातून रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. आधी पूर्ण लस झालेल्यांना दोनच मात्रा पुरतात. पिल्लू रस्त्यावरून आलेले असेल तर ‘एवढेसे तर आहे’ म्हणून ही लस टाळण्यात शहाणपण नाही. रेबीज एकदा सुरू झाला की उपचार नाही.

घरात कुणी गर्भवती असेल तर मांजर सोडून यायची गरज नसते. टोक्सोप्लाझ्माचे बीज विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस घेते. म्हणून ट्रे रोज साफ व्हावा आणि तो दुसऱ्या कुणीतरी करावा.

इतके करूनही काही मांजरांचे जमत नाही. सकाळी सोफा एकीचा, दुपारी दुसरीचा, अशी मूक वाटणी झाली तरी पुष्कळ. पण तीन-चार महिन्यांनंतरही मनी माळ्यावरून उतरत नसेल, तर पिल्लासाठी दुसरे घर बघावे, आणि ते लवकर बघावे. वाढलेल्या मांजराला न्यायला सहसा कुणी तयार होत नाही.