विमानविद्या शिकूं इच्छिणाऱ्यांस

२३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरलें, तेव्हांपासून आमच्या वरच्या वर्गांतील मुलगे व मुली 'एरोस्पेस' हा शब्द वारंवार उच्चारूं लागलीं आहेत. ही जिज्ञासा पाहून आम्हांस संतोष वाटतो. परंतु विमान चालविणें, विमानाची देखभाल करणें आणि विमान रचणें हीं सर्व एकच विद्या होय, अशी समजूत पालकांतही रूढ आहे, आणि ती फार महाग पडूं शकते. एके वर्षीं एक शेतकरी गृहस्थ एका संस्थेचें माहितीपत्रक घेऊन आमच्याकडे आले. मुखपृष्ठावर विमान, आंत ठिकठिकाणीं 'एंजिनियर' हा शब्द, आणि शुल्क इतकें कीं, त्यापायीं जमिनीचा एक तुकडा विकण्याचें त्यांनीं योजिलें होतें. मुलास रॉकेटें रचण्याची हौस. अभ्यासक्रम मात्र देखभालीच्या परवान्याचा! तो परवाना हलका नव्हे. दुरुस्त झालेलें विमान उड्डाणास योग्य आहे, असें आपल्या सहीनें सांगण्याची जबाबदारी त्यांत असते, व नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा दिल्यावांचून तो मिळत नाहीं. पण तो मार्ग निराळा. सुदैवानें जमीन राहिली व मुलगा यंत्रशास्त्राच्या पदवीकडे वळला.

मग विमान रचण्याच्या विद्येंत शिकावयाचें काय? हवेचा प्रवाह, सांगाड्याचें बळ, एंजिन व उड्डाणाचें नियंत्रण हे तिचे मुख्य भाग. आणि सर्वांच्या मुळाशीं वजनाची काटकसर. इमारत बळकट करावयाची तर गवंडी भिंत जाड करील. विमानास ती सोय नाहीं. अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार सोसेल, एवढीच ताकद त्याच्या सांगाड्यास सामान्यतः देतात.

जेट एंजिनांतील टर्बाइनचें पातेंच पाहा. त्यावर आदळणाऱ्या वायूचें उष्णमान पात्याच्या धातूच्या वितळबिंदूहूनही अधिक असूं शकतें, तरी पातें वितळत नाहीं. तें आंतून पोकळ ठेवून त्यांत तुलनेनें थंड हवा खेळवितात. ती बारीक छिद्रांतून बाहेर येऊन पात्यावर पातळ पांघरूण घालते. वरून उष्णतारोधक लेप असतो, आणि उत्तम प्रतीचें पातें तर एकाच स्फटिकाचें ओतलेलें असतें. असें धातुकाम ज्यांस साधतें, असे देश थोडे. आपल्या देशानें 'कावेरी' एंजिन १९८९ सालीं हातीं घेतलें; तथापि २००१ सालीं प्रथम उडालेल्या तेजस विमानास अमेरिकन एंजिनच बसवावें लागलें. ज्या विद्यार्थ्यास रसायन व धातुशास्त्र यांची गोडी आहे, त्यानें हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

प्रवेशासाठीं बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व गणित हवें. पवई येथील आय. आय. टी. मध्यें हा विषय आहे. तिरुवनंतपुरम् येथें २००७ सालीं स्थापन झालेली अवकाश-संस्था तर खास याच क्षेत्राची. तेथील ठराविक गुण मिळविणाऱ्या पदवीधरांस, जागा असतील त्याप्रमाणें, इस्रो सेवेंत घेते. परंतु इस्रोच्या मध्यवर्ती भरतींत बहुतेक जागा यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स व संगणक या शाखांकरितां असतात. म्हणून 'एरोस्पेस' हेंच नांव पदवीवर पाहिजे, असा हट्ट आम्हांस व्यर्थ वाटतो. महाराष्ट्रांतही हें काम आहे. नाशिकजवळ ओझर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, विक्रोळीस गोदरेजनें विकास एंजिनें केलीं आहेत, आणि वालचंदनगरास इस्रोच्या रॉकेट-मोटारींचीं कवचें होतात. २०२० नंतर खासगी मंडळ्यांसही वाव मिळाला. हैदराबादच्या स्कायरूटचें विक्रम-एस हें रॉकेट १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं उडालें.

अमेरिकेस जाऊं पाहणाऱ्यांनीं एक गोष्ट अगोदरच जाणून घ्यावी. शस्त्रास्त्र-निर्यातीच्या कायद्यामुळें रॉकेटांचें ज्ञान परकीयांस देण्यावर तेथें निर्बंध आहेत. म्हणून तेथील बहुतेक रॉकेट-कंपन्या नागरिकांस अथवा कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्यांसच नोकरीस ठेवितात. कर्ज काढून शिकलेल्यास ही अडचण फार जाचते.

वर सांगितलेला मुलगा सध्यां एका कारखान्यांत रॉकेटच्या कवचांचे सांधे तपासतो. ते क्ष-किरणांनीं पाहावे लागतात, असें त्यानें गेल्या दिवाळींत आम्हांस सांगितलें.