अनामत : नको आणि हवी

मराठीत ‘अनामत’ म्हणजे ठेव. गुजरातीत तोच शब्द आरक्षणासाठी रूढ आहे. सुरतेच्या वराछा भागात २०१५ मध्ये ‘पाटीदार अनामत आंदोलन समिती’ने मूळ धरले, ते याच अर्थाने. १९८५ मध्ये माधवसिंह सोळंकी सरकारने मागासवर्गीयांच्या जागा १० वरून २८ टक्के केल्या, तेव्हा विरोधात उतरलेल्यांत पाटीदार ठळक होते. सोळंकींना पायउतार व्हावे लागले. तीस वर्षांनी तोच समाज मागासवर्गात जागा मागू लागला. ही कोलांटउडी म्हणावी का? मला तसे वाटत नाही. ‘आम्हाला द्या, नाहीतर कुणालाच नको’ हा या आंदोलनाचा सूर होता. त्यात जुना विरोध शाबूतच होता. सौराष्ट्रातली शेती तुकड्यांत वाटली गेली, हिऱ्याच्या घंटीवरचे काम मंदीत हातचे जाते, खासगी कॉलेजांची फी मात्र चढतीच; ही चिंता खरी. पण ती जातीच्या अवहेलनेची नव्हे, हे समितीच्या मागणीत झाकले गेले. २०१९ च्या घटनादुरुस्तीने आरक्षणाबाहेरच्या दुर्बलांना १० टक्के दिले. ‘यूथ फॉर इक्वॅलिटी’ ही आरक्षणविरोधी संस्था त्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी हरली.