पानांतून निघणारे वायू, उन्हाळ्याचा पारा आणि चाकणचा कांदा



रब्बी कांद्याच्या पातीवर पांढुरके ठिपके दिसले, शेंडे वाळू लागले की आपण करपा किंवा फुलकिडे समजून फवारणी करतो. बहुतेक वेळा निदान बरोबर असते. परंतु असेच ठिपके हवेतील ओझोन वायूमुळेही पडतात आणि त्यावर कोणतेही औषध चालत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण हा कारखान्यांचा आणि वाहनांचा पट्टा कांद्याच्या शेतांना लागून असल्याने ही बाब समजून घेणे आवश्यक आहे. या ओझोनच्या निर्मितीत झाडांच्या पानांतून निघणाऱ्या वायूंचाही वाटा असतो आणि तो तापमानाबरोबर वाढतो.

पाने कोणते वायू सोडतात?

पाने पाण्याची वाफ आणि प्राणवायू सोडतात हे आपण जाणतो. याशिवाय काही वनस्पती आयसोप्रीन व टर्पीन गटातील वायू सोडतात. पाने आयसोप्रीन सोडतात हे १९५७ साली तत्कालीन सोव्हिएत संघातील जॉर्जियाचे शास्त्रज्ञ सानाद्झे यांनी दाखविले. हा वायू साठवला जात नाही. उजेडात तयार होतो आणि लगेच बाहेर पडतो. उन्हाच्या तडाख्यापासून पानाचे रक्षण करण्यास तो मदत करतो. शिसव, पॉप्लर, नीलगिरी आणि बांबूच्या अनेक जाती तो सोडतात. गहू, मका, सोयाबीन यांसारखी पिके मात्र तो जवळजवळ सोडत नाहीत.

टर्पीन म्हणजे नीलगिरी, गवती चहा, तुळस यांच्या पानांचा वास. अशा पानांत तो साठवलेला असतो, म्हणून रात्रीदेखील थोडाफार निघत राहतो.

तापमानाचे गणित

१९९३ साली अमेरिकेतील ग्वेंथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक गणिती प्रतिमान मांडले. त्याची मांडणी सोपी आहे. ३० अंश सेल्सिअसला ठरावीक वजनाचे पान किती वायू सोडते हे आधी मोजावयाचे. त्यास एकूण पानांच्या वजनाने व तापमानाच्या गुणकाने गुणावयाचे. आयसोप्रीनसाठी उजेडाचाही गुणक घ्यावा लागतो. ३० अंशाला १०० भाग धरल्यास हिशेब अंदाजे असा येतो :

२० अंश : आयसोप्रीन ३०, टर्पीन ४०
३० अंश : आयसोप्रीन १००, टर्पीन १००
३५ अंश : आयसोप्रीन १६५, टर्पीन १५५
४० अंश : आयसोप्रीन २००, टर्पीन २४५
४५ अंश : आयसोप्रीन १५०, टर्पीन ३८५

आयसोप्रीन ४० अंशांच्या आसपास कमाल होऊन पुढे घटतो, कारण तो तयार करणारी पानातील यंत्रणाच उष्णतेने कमजोर पडते. साठवलेला टर्पीन मात्र भांड्यातील अत्तरासारखा उडत राहतो. दर अंशाला सुमारे ९ टक्के वाढ होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे तापमान पानाचे आहे, हवेचे नव्हे. पाण्याचा ताण पडला की पान घाम गाळू शकत नाही आणि हवेपेक्षा काही अंश अधिक तापते. म्हणजे हवेत ३८ अंश असताना भर उन्हातील पानाचा हिशेब ४० अंशांच्या ओळीत करावा लागतो.

मग दोष झाडांचा का?

नाही. पानांतील वायू एकटे फारसा ओझोन तयार करीत नाहीत. त्यासाठी वाहने, जनित्रे व बॉयलर यांच्या धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कडक ऊन यांची जोड लागते. रानात तीच झाडे निरुपद्रवी असतात. उंच वातावरणातील ओझोन आपले रक्षण करतो, पण जमिनीलगतचा ओझोन पर्णरंध्रांतून आत शिरून पेशी जाळतो. हा ओझोन दुपारी सर्वाधिक असतो. धूर निघतो तेथेच तो सर्वाधिक होतो असेही नाही. ताजा धूर ओझोन खाऊन टाकतो, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने काही किलोमीटर दूरच्या शेतात तो अधिक असू शकतो.

नुकसान किती होते? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील घुडे व सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००५ साली देशात ओझोनमुळे गव्हाचे सुमारे ३५ लाख टन व भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पादन घटले. कांद्यातही ओझोन सोसण्याची क्षमता वाणागणिक बदलते. १९६६ साली अमेरिकेत एंगल व गॅबलमन यांना असे आढळले की, प्रतिकारक वाणांची पर्णरंध्रे ओझोन लागताच मिटतात.

शेतात काय करावे?

१. फवारणीपूर्वी निदान करावे. करप्यात जांभळट, वलयांकित चट्टे असतात व दमट हवेत ते वाढतात. फुलकिड्यांमुळे चंदेरी ओरखडे पडतात व पातीच्या बेचक्यात किडे सापडतात. यांपैकी काहीच नसून कडक उन्हाच्या दिवसांनंतर सर्व वाफ्यांत एकाच वेळी फिकट ठिपके उमटले असतील तर ओझोनची शंका घ्यावी.

२. अशी पाने राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय किंवा नजीकच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावीत. निदान होईपर्यंत बुरशीनाशकाचा खर्च करू नये.

३. ओझोन रंध्रांतून शिरतो म्हणून पाणी तोडू नये. ताणाने होणारे नुकसान त्याहून मोठे असते.

४. बांधावर नवी लागवड करताना केवळ नीलगिरी किंवा केवळ बांबूची दाट पट्टी न लावता मिश्र झाडे लावावीत. उभी झाडे तोडू नयेत. सावली, वाऱ्यापासून आडोसा व जमिनीचा ओलावा हे त्यांचे लाभ मोठे आहेत.

५. शेतातील काडीकचरा जाळू नये. त्या धुरातही ओझोन तयार करणारे वायू असतात.

पानांचे वायू थांबविणे आपल्या हाती नाही, धूर कमी करणे मात्र माणसाच्या हाती आहे. त्यासाठी ग्रामसभेत आणि कारखानदारांसमोर बोलावयाचे झाल्यास ठिपक्यांची तारीख, त्या दिवसाचे तापमान व वाऱ्याची दिशा यांची वहीत नोंद ठेवावी. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी असल्या, तर शेतकऱ्याच्या म्हणण्यास वजन येईल.