एच.आय.व्ही. कशाने होतो, कशाने होत नाही



मी निवृत्त नर्स. आपल्यातली वयस्कर मंडळी मला अजूनही विचारतात, "सिस्टर, त्या मुलाला एच.आय.व्ही. आहे म्हणे. त्याला घरी जेवायला बोलवावं का?" माझं उत्तर एकच: खुशाल बोलवा आणि त्याच्या शेजारी बसून जेवा.

हा विषाणू १९८३ साली सापडला. भारतात पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत आढळले. तेव्हा औषध नव्हतं, म्हणून लोक फार घाबरले. आज औषधं आहेत, पण ती जुनी भीती मनातून गेलेली नाही.

हा विषाणू रक्त, वीर्य, योनीतील व गुदद्वारातील स्राव आणि आईचं दूध यांतूनच पसरतो. म्हणजे वाटा मोजक्याच: निरोध न वापरता केलेला संभोग, दुसऱ्याने वापरलेली सुई, तपासणी न केलेलं रक्त आणि गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावर पाजताना आईकडून बाळाला. आईने वेळेवर औषध घेतलं तर बाळ बहुतेक वेळा सुखरूप राहतं.

मिठी मारणं, हात मिळवणं, खोकला, डास, एकच संडास, एकच पेला यांनी तो होत नाही. किद्दूशचा प्याला हातोहात फिरला तरी नाही. वॉर्डात विषाणू असलेल्या रुग्णाला टोचलेली सुई चुकून नर्सला लागली, तरी हजारात सुमारे ३ वेळाच लागण होते. मग चहाच्या कपाला काय घाबरायचं?

आता आपल्या वयाचं बोलते, लाजू नका. नवरा किंवा बायको गेल्यावर उतारवयात नवी सोबत मिळते, चांगलंच आहे. पण "आता कुठे दिवस राहणार" म्हणून निरोध विसरला जातो. पाळी गेल्यावर बाईची त्वचा नाजूक होते, बारीक चिरा पडतात, त्यातून विषाणू सहज शिरतो. शिवाय थकवा आला, वजन घटलं, की आपण वयाला दोष देतो आणि तपासणी राहून जाते.

कुपात होलिमच्या डॉक्टरांना सांगा, साधी रक्ततपासणी असते. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर ती दिसत नाही, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा करावी. धोका घडलाच तर लगेच इस्पितळात जा. लागण टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं.

आणि ज्यांना लागण झाली आहे, त्यांनी रोज गोळ्या घेतल्या आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तो तसाच राहिला, तर संभोगातूनही तो जोडीदाराला होत नाही. औषध त्यांना डॉक्टर देतील, पण शेजारी बसून जेवायला माणूस आपणच द्यायचा आहे.