कोरडेपणामागच्या बी पेशी

स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी 1933 मध्ये डोळे कोरडे पडलेल्या 19 स्त्रियांवर प्रबंध लिहिला. त्यांच्यापैकी अनेकींचे तोंडही कोरडे पडत होते आणि सांधे दुखत होते. श्योग्रेन यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराच्या दहा रुग्णांपैकी नऊ आजही स्त्रिया असतात. प्रतिकारपेशी अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथी नष्ट करतात, म्हणून पाणी आटते, असे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. ते अपुरे आहे. ओठाच्या आतल्या लाळग्रंथींचा तुकडा तपासला, की लिम्फोसाइट्स या प्रतिकारपेशींचे पुंजके दिसतात हे खरे. 4 चौरस मिलिमीटरमध्ये 50 किंवा अधिक पेशींचा एक पुंजका निदानाला बळ देतो. पण अनेकदा लाळ स्रवणाऱ्या बऱ्याच पेशी शाबूत असूनही तोंड कोरडेच राहते. म्हणजे ग्रंथी मरण्याआधीच तिचे काम बंद पडते. आसपासच्या प्रतिकारपेशींनी सोडलेली दाहक रसायने तिला काम करू देत नाहीत.

या पेशी तिथे जमतात कशा? त्यांना बोलावण्यात ग्रंथीच्या पेशींचाही हात असतो. त्या टी पेशींना चेतवणारे रेणू पृष्ठभागावर मांडतात आणि बी पेशींना जगवणारे ‘बॅफ’ हे प्रथिन सोडतात. सौम्य अवस्थेत पुंजक्यांत टी पेशी जास्त असतात. आजार वाढतो तशा बी पेशी वाढतात. काहींच्या ग्रंथीत लसिकाग्रंथींसारखी प्रतिपिंडे घडवणारी केंद्रेच उभी राहतात. सतत चेतवल्या गेलेल्या या बी पेशींमधूनच काही रुग्णांना लिम्फोमा हा कर्करोग होतो, म्हणून गालाजवळच्या लाळग्रंथीची सूज टिकून राहिली तर ती अंगावर काढू नये.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बी पेशी एवढ्या महत्त्वाच्या असतील, तर त्यांना नष्ट करणारे रिटुक्सिमॅब फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या चाचण्यांत मुख्य निकषांवर का फसले? मला वाटते, त्यातून बी पेशी निर्दोष ठरत नाहीत. हे औषध रक्तातल्या बी पेशी झपाट्याने हटवते, पण प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर त्याचे लक्ष्य असलेला रेणूच नसतो. शिवाय बी पेशी घटल्यावर रक्तातले बॅफ वाढते आणि नव्या पेशींना पोषक वातावरण मिळते. बॅफचा मार्ग अडवून बी पेशीही कमी करणाऱ्या आयनालुमॅबच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्रेनुसार आजाराची तीव्रता घटली, ती याच तर्काला धरून.

वय आणि काही औषधे यांमुळेही डोळे-तोंड कोरडे पडते, हे मान्यच. तेवढ्यावरून रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीची प्रत्येक तक्रार वयाच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, दात भराभर किडत असतील, सोबत थकवा आणि सांधेदुखी असेल, तर या आजारात आढळणाऱ्या ‘रो’ प्रतिपिंडांची रक्ततपासणी व्हायला हवी. तरुण स्त्रियांत तिचे मोल आणखी वाढते. ही प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोचतात आणि शंभरातल्या एक-दोन गर्भांत हृदयाच्या ठोक्यांचा विद्युतमार्ग खंडित होतो. ती रक्तात आहेत हे आधी कळले, तर गरोदरपणात बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवता येते.